मधला आवाज

मार्था टीचरांना पंखा चालायचा नाही. वर्गात आल्या की आधी भिंतीवरचं बटण बंद करायच्या, मग हजेरी. एप्रिलमध्ये आम्ही घामाने चिंब व्हायचो. कुणी कुरकुर केली की म्हणायच्या, "तो एकच सूर धरून बसलाय आणि तो सूर आपल्या गाण्यात नाही. त्याला आधी गप्प बसव, मग तू गा."

नाशिकच्या एका जुन्या शाळेत त्या आम्हाला संगीत शिकवायच्या. मला त्यांनी गायला कधी लावलं नाही. सातवीत चाचणी घेतली, माझ्या दोन ओळी ऐकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सलीम, तू गाऊ नकोस. तू ऐक." गॅदरिंगच्या तालमीत शाळेचा टेपरेकॉर्डर माझ्या ताब्यात दिला. आज नाशिकमध्येच, द्वारका चौकाजवळ, माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. नामपूर-सटाण्याकडचे अहिराणी गाणारे येतात, खतांच्या जाहिराती होतात, निवडणूक आली की प्रचाराची गाणी. या सगळ्याची सुरुवात त्या टेपरेकॉर्डरपासून झाली, असं मी सांगतो, आणि ते बरंचसं खरंही आहे.

टीचर मूळच्या मनमाडच्या. वडील रेल्वेत गार्ड होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचा. त्याच्याकडे अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांच्या तबकड्या होत्या. तिकडच्या खेड्यापाड्यांतली गाणी ही. गिटार, साधे शब्द, आणि तीन-चार माणसं एकच ओळ वेगवेगळ्या उंचीवर एकदम गातात. गार्डाच्या तीन मुलांनी ती गाणी खिडकीतून ऐकून पाठ केली. मार्था वरचा आवाज, धाकटी रूथ मधला, आणि सगळ्यात लहान डॅनियल, त्याचा आवाज फुटल्यावर, खालचा. पुढे या तिघांचं 'जंक्शन सिंगर्स' नावाचं मंडळ झालं. लग्नं, नाताळचे कार्यक्रम, कुणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, सगळीकडे ते गायचे. इंग्रजी गाणी सगळ्यांना कळायची नाहीत म्हणून टीचरांनी त्याच ढंगात मराठी गाणी रचली. रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनचं गाणं, कांद्याच्या गोण्यांवर झोपलेल्या हमालाचं गाणं, बदली झालेल्या बापाची वाट बघणाऱ्या मुलीचं गाणं.

मनमाड त्यांच्या बोलण्यातून कधी गेलं नाही. गाणं सुरू करायचं असलं की हात वर करून "सिग्नल" म्हणायच्या. एखादा टेक जमला नाही तर, "हा यार्डात टाक, नंतर बघू." कौतुक म्हणून त्यांच्याकडे एकच शब्द होता, "बरोबर". छान, सुंदर, वा, असलं काही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. वर्गात एक प्रयोग मात्र त्या दर वर्षी करायच्या. तीन रांगांना तीन सूर द्यायच्या, गाणं चांगलं रंगात आलं की मधल्या रांगेला हाताने थांबवायच्या. गाणं चालूच राहायचं, पण एकदम पोकळ वाटायला लागायचं. मग म्हणायच्या, "मधला आवाज कुणाला ऐकू येत नाही. तो काढला की सगळ्यांना ऐकू येतं."

निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी त्या माझ्या जिन्याच्या पायऱ्या चढून आल्या. करोनाच्या आधीची गोष्ट. हातात थर्मास, त्यात गरम पाणी, आणि डबीत लवंगा.

"सलीम, आमचा अल्बम करायचाय," त्या म्हणाल्या. "दहा गाणी. तिघं आहोत तोवर."

मी म्हणालो, "टीचर, आहातच की."

"रूथला पार्किन्सन झालाय," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसण्याआधी एसी बंद करायला गेल्या.

रूथमावशी नर्स होत्या. नवरा वारल्यावर त्या टीचरांकडेच राहायला आल्या होत्या. टीचरांनी लग्न केलं नव्हतं. बहिणी दिसायला अगदी वेगळ्या. टीचर उंच, काटक, ओठ घट्ट मिटलेले. रूथमावशी गोल, हसऱ्या, येताना माझ्यासाठी चिवडा आणणाऱ्या. पण आवाज एकाच मुशीतला. गाण्यात ओळखू यायची खूण एवढीच की ओळीचं शेवटचं अक्षर रूथमावशी किंचित लवकर सोडायच्या. टीचर ते शेवटपर्यंत धरून ठेवायच्या.

सहा दिवस, रोज सकाळी, आम्ही रेकॉर्डिंग केलं. डॅनियलकाका रोज मनमाडहून पहिल्या गाडीने यायचे. मी तिघांमध्ये काचेचे पडदे लावले होते, म्हणजे प्रत्येकाचा आवाज वेगळा मिळतो. टीचरांना ते आवडलं नाही, पण तिघं एकमेकांना बघू शकत होते, म्हणून चालवून घेतलं. रूथमावशी खुर्चीत बसून गायच्या. हात थरथरत, म्हणून त्या ते मांडीखाली दाबून ठेवायच्या. आवाजातही कापरं होतं. लांब सूर लावला की तो मध्येच डगमगायचा, खाली जायचा, मग त्या त्याला परत वर आणायच्या. एका गाण्यानंतर त्यांनी काचेतून माझ्याकडे बघून विचारलं, "सलीम, वाईट येतंय का रे?"

मी काही बोलायच्या आत डॅनियलकाका म्हणाले, "आपण साठीची माणसं आहोत रूथ. साठीसारखंच येणार."

त्या हसल्या. टीचर हसल्या नाहीत.

शेवटच्या दिवसानंतर तीनेक आठवड्यांनी एका सकाळी टीचर एकट्याच आल्या. म्हणाल्या, "रूथचा आवाज तेवढा लाव. बाकी सगळं बंद कर."

मी लावला. बाकीचे दोन आवाज आणि गिटार काढल्यावर ते कापरं फारच स्पष्ट झालं. एखादी आजारी व्यक्ती भिंतीला धरून चालते, तसं. टीचरांनी पहिलं गाणं पूर्ण ऐकलं, दुसरं अर्धं. मग म्हणाल्या, "हे लोकांनी ऐकायचं नाही."

"टीचर, तिघांत मिसळल्यावर एवढं कळत नाही. आणि जे कळतं ते—"

"मी तिची मोठी बहीण आहे. लोक काय म्हणतील ते मला माहितेय. बिचारी म्हणतील. तिला आयुष्यात कुणी बिचारी म्हटलेलं नाही." त्यांनी थर्मास उघडला, दोन घोट घेतले. "मी गाते तिच्या जागी. माईक लाव."

मी विचारलं, "मावशींना विचारलंत?"

"विचारलं तर ती हो म्हणेल, माझ्यासाठी. ते मला नको."

मी माईक लावला. मी शाळेतला मुलगा नव्हतो, माझं दुकान होतं, मी नाही म्हणू शकत होतो. पण त्या टीचर होत्या, आणि खरं सांगायचं तर माझ्या कानालाही ते कापरं खटकत होतं. सलग चार सकाळी त्यांनी दहाही गाण्यांतला मधला आवाज नव्याने गायला. पहिल्या दिवशी त्या स्वतःसारख्या गात होत्या आणि ते जुळत नव्हतं, दोन मार्था ऐकू येत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटची अक्षरं लवकर सोडायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मी डोळे मिटून ऐकत होतो आणि आत रूथमावशी उभ्या होत्या. दहा वर्षांपूर्वीच्या, धडधाकट. टेक संपल्यावर टीचर म्हणाल्या, "बरोबर?" पहिल्यांदाच त्या मला विचारत होत्या.

"बरोबर," मी म्हणालो.

"मग तिचं जुनं काढून टाक."

"यार्डात टाकतो, टीचर. असू दे बाजूला."

"यार्डात नाही. पुसून टाक. मी इथे उभी आहे."

मी पुसलं.

अल्बम आला. नाव 'सिग्नलच्या अलीकडे'. हल्ली सीडी कोण ऐकतं, पण टीचरांना हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं, म्हणून थोड्या सीडीही काढल्या. कव्हरवर तिघांची नावं, मधला आवाज रूथ. चर्चच्या हॉलमध्ये छोटा कार्यक्रम झाला. मी स्पीकरपाशी होतो. पहिल्या गाण्यात मधला आवाज सुरू झाला तेव्हा रूथमावशींनी मान तिरकी केली आणि गाणं संपेपर्यंत तशीच ठेवली. कार्यक्रमानंतर त्या माझ्याकडे आल्या, त्यांचा थरथरता हात माझ्या मनगटावर ठेवला आणि म्हणाल्या, "मी उगाच घाबरत होते रे. किती चांगला आलाय माझा आवाज."

टीचर चार पावलांवर होत्या. त्या खुर्च्या मोजायला लागल्या.

मला वाटलं, झालं ते झालं. एक आजारी बाई खूश झाली, यात काय बिघडलं. पुढचं सगळं मला टीचरांनीच नंतर सांगितलं.

लॉकडाऊन लागलं तेव्हा दोघी बहिणी त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बंद झाल्या. रूथमावशी रोज सकाळी अल्बम लावायच्या आणि त्याच्याबरोबर गायच्या. त्यांचा स्वतःचा आवाज त्या आवाजाच्या मागे धडपडत जायचा. एक दिवस त्यांनी मोबाईल बंद केला आणि म्हणाल्या, "ताई, दोन वर्षांपूर्वी मी अशी गात होते. बघ, कुठे येऊन पडले मी."

टीचरांनी त्यांना सांगितलं, आजारात असं होतंच.

मग रूथमावशींनी सराव सुरू केला. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. तोंडात लवंग धरायच्या, टीचरांनीच शिकवलेले श्वासाचे व्यायाम करायच्या. तो अल्बममधला सूर त्यांना परत मिळवायचा होता. मनमाडला डॅनियलकाकांना फोन करून म्हणायच्या, "माझा आवाज गेला रे, दोन वर्षांत गेला," आणि रडायच्या. टीचर स्वयंपाकघरात उभ्या राहून ऐकायच्या. त्या मला म्हणाल्या, "रोज ठरवायचे, आज सांगते. पण काय सांगू? तो आवाज तुझा नव्हताच, असं? तेव्हाही नव्हता, असं?"

वर्षभराने कधीतरी रूथमावशींनी सराव सोडून दिला. अल्बम लावणंही सोडलं. आणि एका दुपारी, काही विषय नसताना, अंथरुणावरून म्हणाल्या, "ताई, सातव्या गाण्यात मी श्वास कुठे घेतलाय, ते मला आठवत नाही."

गाणारा माणूस शब्द विसरेल, श्वास घ्यायची जागा विसरत नाही. हे टीचरांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे?"

"काही नाही," रूथमावशी म्हणाल्या. "आठवत नाही, एवढंच."

पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. पुढच्या हिवाळ्यात, घास अडकायला लागल्यावर, त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथून त्या परत आल्या नाहीत.

त्यांच्या मातीनंतर महिन्याभराने टीचर माझ्याकडे आल्या आणि हे सगळं बोलल्या. एसी चालू होता. त्यांनी बंद केला नाही. शेवटी म्हणाल्या, "सलीम, घरात दहा गाणी आहेत आणि तिचा आवाज एकातही नाही. तिचे जुने कार्यक्रम कुणी रेकॉर्ड केले नाहीत. मोबाईलमध्ये तिचं बोलणं आहे, गाणं नाही. मी एकटी असताना गुणगुणायला लागते, तर शेवटचं अक्षर तिच्यासारखं सुटतं. माझं जुनं गाणं मला सापडत नाही आणि तिचं माझ्याकडे नाही." मग विचारलं, "तू खरंच सगळं पुसलंस?"

मी ट्रॅक पुसले होते. पण रेकॉर्डिंगच्या तिसऱ्या दिवशी, घरी बायकोला ऐकवायला म्हणून, पॉइंट्समनच्या गाण्याचं कच्चं मिश्रण मी पेन ड्राइव्हवर घेतलं होतं. तिन्ही आवाज एकत्र, काही साफ न केलेले. ते मला त्यांच्या डोळ्यांसमोर शोधावं लागलं. कपाटातले सगळे पेन ड्राइव्ह एकेक लावून बघितले. सापडल्यावर लावलं.

वर टीचर, खाली डॅनियलकाका, आणि मध्ये ते कापरं. दुसऱ्या कडव्यात रूथमावशींचा सूर घसरला, आणि मग ऐकू आलं की वरचा आणि खालचा आवाज दोन्ही त्यांच्यासाठी किंचित थांबले, त्या आल्या तसे पुढे गेले. रेकॉर्डिंग करताना मला ते कळलं नव्हतं. टीचरांनाही आपण थांबलो हे तेव्हा कळलं नसावं. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर सपाट ठेवले होते. गाणं संपल्यावर त्यांनी "परत" म्हटलं. असं चार वेळा.

रूथमावशींच्या वर्षाच्या प्रार्थनेला मनमाडला डॅनियलकाकांच्या घरी तीसेक माणसं होती. टीचरांनी मला स्पीकर घेऊन यायला सांगितलं होतं. प्रार्थना झाल्यावर त्या उभ्या राहिल्या. वर्गात बोलायच्या तशाच, एका पट्टीत, बोलल्या.

"अल्बममध्ये रूथच्या नावावर जो आवाज आहे तो माझा आहे. तिचा आवाज मी पुसायला लावला. तिला सांगितलं नाही. आता जे लागेल, तो तिचा."

मी गाणं लावलं. लोक खाली बघत ऐकत होते. एक म्हातारी बाई पदराने डोळे पुसत होती. डॅनियलकाका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. गाणं संपलं तरी ते तसेच. मग म्हणाले, "दीड वर्ष ती मला फोन करून रडत होती. आवाज गेला म्हणून. तू शेजारी असायचीस."

"हो," टीचर म्हणाल्या.

"मी तिला सांगायचो, तुझा आवाज बघ कसा होता, अल्बम लाव, ऐक. मी सांगायचो."

"हो."

काकांनी मान हलवली, वळले आणि आलेल्या लोकांना म्हणाले, "पानं वाढलीत, चला जेवायला." सगळ्यांना आग्रहाने वाढलं, मलाही वाढलं. टीचरांच्या ताटात काकांच्या बायकोने वाढलं.

परत येताना टीचर माझ्या गाडीत होत्या. चांदवड मागे पडलं. उतार लागला तेव्हा म्हणाल्या, "मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल."

"वाटत नाही?"

"आजपर्यंत मला शंका होती, तिला कळलं होतं की नव्हतं. कधी वाटायचं कळलं होतं, कधी वाटायचं नाही. आज मी तीस माणसांसमोर मोठ्याने बोलले." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आता तिला नक्की कळलं."

अल्बम काढून टाकू का, की कव्हरवरची नावं बदलू, असं मी नंतर एकदा विचारलं. इंटरनेटवर तो अजून आहे, अधूनमधून कुणीतरी ऐकतं. त्या म्हणाल्या, "कव्हरवरून तिचं नाव काढलं तर ती उरतेच कुठे? राहू दे." कच्चं गाणंही त्यांनी कुठे टाकू दिलं नाही. ते माझ्याकडे आहे आणि एक प्रत डॅनियलकाकांकडे. ती मी पोस्टाने पाठवली होती. पोचल्याचा फोन आला नाही.

त्यानंतर टीचर जेमतेम आठ महिने होत्या. झोपेतच गेल्या. डॅनियलकाका मातीला आले. शरणपूरच्या दफनभूमीत लोक गीत गात होते, तीन सुरांत, टीचरांनीच बसवून दिलेलं. काका पहिल्या रांगेत होते. त्यांनी गीतांचं पुस्तक उघडून धरलं होतं, पण शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

मला टीचर आठवतात त्या मात्र त्याच्या दोन महिने आधीच्या. अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम एका संस्थेने मला दिलं होतं. वाचणारी माणसं हवी होती. मी टीचरांना फोन केला.

"त्यात गाणं आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही टीचर. भूगोल."

"मग येते."

त्या आठवड्यातून दोनदा यायच्या. पहिल्या दिवशी नद्यांचा धडा होता. मी त्यांना आत बसवलं, माईक जुळवला, हेडफोन दिला. त्यांनी कानावर लावला, धड्याचं नाव वाचलं आणि थांबल्या. पहिलं वाक्य वाचलं आणि पुन्हा थांबल्या. मी बटण दाबून विचारलं, "काय झालं?"

त्यांनी हेडफोन काढला आणि पुस्तकाच्या पलीकडे, हाताला येणार नाही असा, टेबलाच्या टोकाला ठेवला.

"याच्याशिवाय चालेल?" त्या म्हणाल्या. "मला ऐकू यायला नको."

मी चालेल म्हणालो. त्यांनी चष्मा नीट केला, बोट ओळीवर ठेवलं आणि वाचायला लागल्या. दार जाड आहे, काच दुहेरी आहे. थोड्या वेळाने मी माझ्या बाजूचा स्पीकरही बंद केला. काचेपलीकडे त्यांचे ओठ हलत होते, बोट एकेक ओळ खाली सरकत होतं, आणि माझ्यासमोर पडद्यावर हिरवी रेघ त्यांच्या प्रत्येक शब्दाला वर जाऊन खाली येत होती.